दर्दारा, थरथर आणि राब

कंपवाताच्या नव्या औषधाची बातमी वाचून एका वाचकानं विचारलंय : ‘एलआरआरके-टू’ असं रेल्वेच्या डब्यावर रंगवल्यासारखं नाव प्रथिनाला कुणी ठेवलं?

खरं तर त्याचं बारसं झकास झालं होतं. २००४ साली, स्पेनमधल्या काही बास्क घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या कंपवाताचं जनुक सापडलं. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला संशोधकांनी नाव दिलं ‘दर्दारिन’. बास्क भाषेत ‘दर्दारा’ म्हणजे कंप. आपल्या ‘थरथर’शी त्याचं काही नातं नाही, पण कानाला भाऊबंदच वाटतात! हा शोध ‘न्यूरॉन’ नियतकालिकात छापून आला, आणि त्याच अंकात दुसऱ्या एका गटानंही हेच जनुक जाहीर केलं. टिकलं ते मात्र डब्यावरचं नाव.

हे प्रथिन किनेज आहे. दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारणं हा त्याचा धंदा. कुणावर, ते २०१६ साली उलगडलं : ‘राब’ कुळातल्या प्रथिनांवर. (नाव इंग्रजी आद्याक्षरांचं, पण आपल्याला फोड करून सांगावी लागू नये. ती राबतातच.) पेशीत माल नेणाऱ्या इवल्या पिशव्या असतात. राब अशा एका पिशवीवर चढतो, ती योग्य ठिकाणी लावून देतो, उतरतो आणि पुढची पिशवी गाठतो. मार्केट यार्डातला हमालच. शिक्का बसलेला राब मात्र उतरायचं नाव घेत नाही.

एरवी हे बेतानं चालतं. पण या प्रथिनाच्या २,५२७ अमिनो आम्लांच्या साखळीत २०१९व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरिन आलं, की शिक्के सपासप पडू लागतात. हमाल पिशव्यांवरच अडकतात, आणि पेशीचा कचरा निकाली काढणाऱ्या लायसोसोमचं काम बिघडतं.

म्हणून लगेच जनुकचाचणीला धावू नका. हा बदल भारतीयांत क्वचितच आढळतो. आणि ज्यांच्यात असतो, त्यांतल्या अनेकांचा हात जन्मभर कापत नाही. ‘कंपवाताचं जनुक’ म्हणणाऱ्या मथळ्यांत हे नेमकं गळतं.

औषधाचं म्हणाल, तर शिक्केवाल्याला आवरणारी रसायनं माणसांवर तपासली जात आहेत. त्याला थेट घरी पाठवणं मात्र परवडत नाही. हे प्रथिन अजिबात नसलेले उंदीर पैदा केले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडं काळवंडलेली निघाली.