ॲप अचानक बंद पडतं, तेव्हा चूक नेमकी कुठे झाली हे कंपनीला कसं कळतं?

समजा, परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्यात कोणीतरी जुन्या, स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवरून पैसे पाठवतंय. बटण दाबलं आणि ॲप गायब! पैसे गेले की राहिले, काही पत्ता नाही.

ॲप बनवणारा इंजिनिअर बसलाय पुण्यात किंवा बंगळुरूत. तो फोन त्याने कधी हातातही घेतलेला नाही. तरीही थोड्या दिवसांनी अपडेट येतं आणि ॲप नीट चालायला लागतं. मग त्याला चूक सापडली कशी?

त्यामागे असते एक छोटीशी लायब्ररी. तिचं काम एकच, स्टॅक अनवाइंडिंग.

स्टॅक म्हणजे काय?

जुन्या घरात मडक्यांची उतरंड असायची. एकावर एक मडकी रचलेली आणि खालचं हवं असेल तर आधी वरचं उतरवायचं. कॉम्प्युटरमधला स्टॅक अगदी तसाच.

कुठलंही ॲप हजारो छोट्या फंक्शन्सचं बनलेलं असतं. एक फंक्शन दुसऱ्याला काम सांगतं, दुसरं तिसऱ्याला. प्रत्येक वेळी 'काम झालं की कुठे परत यायचं' याची नोंद ठेवली जाते. तिला म्हणतात रिटर्न ॲड्रेस. या नोंदी एकावर एक रचत जातात.

ॲप क्रॅश झालं की सगळ्यात वरच्या मडक्यात असतं ते बिघडलेलं फंक्शन. त्याच्या खाली त्याला बोलावणारं, त्याच्याही खाली त्याला बोलावणारं. लायब्ररी वरून खाली जात ही यादी बनवते. हीच यादी क्रॅश रिपोर्टमधून कंपनीपर्यंत पोचते.

मग यात अवघड काय आहे?

अवघड हे, की प्रत्येक मडक्याचा आकार वेगळा असतो. पुढचं मडकं कुठे सुरू होतं, हे उतरंडीकडे बघून कळत नाही. त्यासाठी कंपायलर प्रोग्रॅमसोबत एक वेगळा तक्ता लिहून ठेवतो.

पण हे तक्ते सगळीकडे सारखे नसतात. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ड्वार्फ नावाच्या पद्धतीवर आधारलेला तक्ता असतो. 32 बिटच्या एआरएम प्रोसेसरवर त्याची मांडणी निराळी. 64 बिटच्या विंडोजची तिसरी, ॲपलची चौथी. सगळ्या प्लॅटफॉर्मवर चालणाऱ्या लायब्ररीला हे सगळे हिशेब वाचता आले पाहिजेत.

अशा लायब्ररींपैकी एक जुनं नाव म्हणजे लिबअनवाइंड. एचपी कंपनीत डेव्हिड मॉसबर्गर यांनी ती इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरसाठी सुरू केली. पुढे इटॅनियम बंद झाला, पण लायब्ररी टिकली. आज ती एआरएम, मिप्स, पॉवरपीसी, रिस्क-व्ही अशा कित्येक प्रोसेसरवर चालते. अँड्रॉइडने मात्र पुढे स्वतःची वेगळी लायब्ररी बनवली, लिबअनवाइंडस्टॅक.

टेस्टिंग कसं होतं?

ही लायब्ररी कामाला लागते तीच संकटात. ॲप कोसळलेलं असतं, मेमरीत काय शिल्लक आहे याची खात्री नसते. अशा वेळी चुकीचा पत्ता वाचला तर क्रॅशची चौकशी करणाराच क्रॅश होतो. म्हणून पत्ता वाचण्याआधी तो वाचण्याजोगा आहे का, हे तपासावं लागतं.

दुसरी गोष्ट, क्रॅश फंक्शनच्या मधोमध कुठेही होऊ शकतो. म्हणून लिबअनवाइंडच्या एका टेस्टमध्ये चालू प्रोग्रॅम एकेक सूचना पुढे ढकलतात आणि प्रत्येक पावलावर यादी बनवून बघतात. दुसरी टेस्ट कोसळलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीची साठवलेली प्रत उघडून त्यातून माग काढते.

आणि इतके प्रोसेसर आणायचे कुठून? त्यासाठी क्यूएमयूसारखा एम्युलेटर वापरता येतो. तो साध्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करतो. पण नक्कल ती नक्कलच, खऱ्या यंत्रावरची टेस्ट शेवटी लागतेच.

हे काम कधीच संपत नाही

कारण प्रोसेसर बदलत राहतात. नव्या एआरएम प्रोसेसरमध्ये हॅकिंग रोखण्यासाठी रिटर्न ॲड्रेसवर गुप्त सही मारायची सोय आली. सुरक्षेला हे चांगलंच. पण ती सही बाजूला काढून खरा पत्ता कसा वाचायचा, हे अनवाइंडिंग लायब्ररीला शिकवावं लागलं.

आपल्याकडेही नवे प्रोसेसर येतायत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने वेगा नावाचे प्रोसेसर बनवलेत, ते रिस्क-व्ही पद्धतीचे आहेत. त्यांच्यावर लिनक्सचे प्रोग्रॅम नीट चालायचे तर हा भागही तिथे पक्का हवा. सी++ भाषेत तर चूक सावरण्याची सोयच अनवाइंडिंगवर उभी आहे. ते चुकलं तर सावरता आला असता असा प्रोग्रॅमही बंद पडतो.

आता परत त्या जुन्या फोनकडे येऊ. स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा 32 बिटची सिस्टिम असते आणि इंजिनिअरच्या टेबलावर 64 बिटची. लायब्ररीची टेस्ट फक्त 64 बिटवर झाली, तर जुन्या फोनमधून येणारी यादी अर्धवट किंवा चुकीची येऊ शकते. मग इंजिनिअर भलत्याच फंक्शनमध्ये चूक शोधत बसतो आणि इकडे ॲप बंद पडतच राहतं.

म्हणून जुन्या प्रोसेसरसाठी टेस्ट चालू ठेवणं हे काही फक्त हौसेचं काम नाही. महागडा फोन ज्यांच्याकडे नाही, त्यांची तक्रार कंपनीपर्यंत धडपणे पोचते ती त्यामुळेच.