अर्ध्या वर्षाला एक तास कमी

१०३९ तास. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत हंगामी कामावर असलेल्या माणसाच्या वर्षाची ही मर्यादा. आठवड्याला ४० तास धरले तर वर्षाचे २०८० होतात आणि अर्ध्या वर्षाचे १०४०. त्यातला एक तास कापून उरलेले हे १०३९. ते ओलांडले, तर पुढच्या वर्षी त्याच माणसाला त्याच उद्यानात हंगामी म्हणून परत घेण्याची सवलत जाते. आपल्याकडे तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या प्राध्यापकांना त्या कापलेल्या तासाची किंमत समजावून सांगावी लागणार नाही.

या तासांत कुणी डोंगरातल्या पायवाटा दुरुस्त करतं, कुणी फाटकावर प्रवेश शुल्क घेतं, तर कुणी इतिहास सांगतं. राखाडी सदरा, हिरवी पँट, रुंद काठाची ताठ टोपी. गणवेश कायम नोकरीतल्या रेंजरसारखाच, त्यामुळे समोरच्या पर्यटकाला फरक कळत नाही. त्याच्या दृष्टीने हा सरकारचा माणूस आहे आणि तो सांगेल तो सरकारमान्य इतिहास. हंगामी इतिहासकाराच्या कामाचं वजन इथून सुरू होतं.

हे काम नीट पाहायचं, तर पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला जावं. वॉशिंग्टनहून गाडीने साधारण दोन तास. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत, जनरल मीडच्या हाताखालची उत्तरेची फौज आणि रॉबर्ट ली याची दक्षिणेची फौज इथे भिडली. मृत, जखमी, पकडलेले आणि बेपत्ता मिळून आकडा ५१,००० च्या आसपास जातो. आज सुमारे ६,००० एकरांच्या या मैदानावर १,३०० हून अधिक स्मारकं आहेत. उन्हाळ्यात शाळांना सुट्टी लागली की गर्दी वाढते आणि तिच्यासाठी हंगामी माणसं येतात. त्यांत इतिहासाचे शाळामास्तर असतात, पीएच.डी.च्या मधल्या टप्प्यावर अडकलेले विद्यार्थी असतात, निवृत्तीनंतर जुनी हौस पुरवणारेही असतात.

गावात पैसे घेऊन मैदान दाखवणारे परवानाधारक मार्गदर्शकही आहेत. ती पद्धत १९१५ पासूनची आणि त्यांची परीक्षा कठीण म्हणून प्रसिद्ध. रेंजरचं बोलणं मात्र फुकट. त्यामुळे ऐकायला कोण उभं राहील याचा भरवसा नसतो. पहिल्या रांगेत अमुक रेजिमेंटच्या कर्नलचं नाव चुकलं तर लगेच टोकणारा जाणकार असतो, त्याच्या शेजारी स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारायला आलेली आई. दोघांनाही अर्धा तास धरून ठेवायचं असतं.

त्यासाठी हाताशी सगळ्यात मोठं साधन असतं ती जमीन. ३ जुलैच्या दुपारी लीच्या सुमारे १२,५०० सैनिकांनी उघड्या शेतातून दीडेक किलोमीटर चालत जाऊन उत्तरेच्या फळीवर हल्ला केला. ‘पिकेटची चढाई’ म्हणून तो ओळखला जातो. त्यातले निम्म्याहून अधिक मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. पुस्तकात हे वाचणाऱ्याला तो निव्वळ वेडेपणा वाटतो. रेंजर त्याच लोकांना त्या शेतातून चालत नेतो. लांबून सपाट दिसणारी जमीन प्रत्यक्षात लाटांसारखी खालीवर होते, खोलगटात उतरलं की समोरची टेकडी दिसेनाशी होते आणि तोफांच्या नजरेआड जाता येतं. मग एमिट्सबर्ग रस्ता येतो. त्याच्या दोन्ही बाजूंना तेव्हा कुंपणं होती आणि ती ओलांडताना माणसं टिपली गेली. लीचा निर्णय चूक होता की नव्हता, हा वाद तिथे उभ्याने करता येतो. फ्रीमन टिल्डन याने १९५७ साली ‘इंटरप्रीटिंग अवर हेरिटेज’ हे छोटं पुस्तक लिहून या कामाला शिस्त दिली. त्याचा आग्रह असा, की माहिती ओतणं हा या कामाचा हेतू नव्हे. ऐकणाऱ्याला स्वतः विचार करायला डिवचणं हा आहे.

पण डिवचायचं कुठल्या प्रश्नाने? इथे या संस्थेचा स्वतःचा इतिहास आडवा येतो.

यलोस्टोन १८७२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, उद्यानांचा कारभार पाहणारी नॅशनल पार्क सर्व्हिस १९१६ साली स्थापन झाली. रणभूमी मात्र त्या वेळी तिच्याकडे नव्हत्या. गेटिसबर्ग १८९५ पासून युद्धखात्याकडे होतं. लष्करी अधिकाऱ्यांनी डावपेच शिकावेत आणि जुन्या सैनिकांनी आपापल्या रेजिमेंटचा दगड उभारावा, हा त्या काळचा उपयोग. म्हणून कोण कुठे उभं होतं हे तिथे पावलापावलावर कोरलेलं आहे. ते कशासाठी उभे होते याबद्दल बहुतेक दगड गप्प. १९१३ साली लढाईच्या पन्नाशीला दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांहून अधिक म्हातारे सैनिक इथे जमले, हस्तांदोलनं झाली. गोऱ्या उत्तरेचा आणि गोऱ्या दक्षिणेचा समेट झाला, आणि ज्यांच्या गुलामीवरून देश फुटला होता ते कृष्णवर्णीय त्या चित्राबाहेर राहिले.

१९३३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या आदेशाने ही मैदानं पार्क सर्व्हिसकडे आली. दोनच वर्षं आधी तिने व्हर्न चॅटलेन हा आपला पहिला मुख्य इतिहासकार नेमला होता. महामंदीचे दिवस होते, इतिहासाच्या पदव्या घेतलेली तरुण मुलं बेकार होती आणि सरकारी रोजगार योजनांतून त्यांतली बरीच या मैदानांवर कामाला लागली. सांगणारे नवे आले. गोष्ट बराच काळ जुनीच राहिली.

मराठी वाचकाला इथे एक गोष्ट आठवेल. गेटिसबर्गनंतर दहा वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी निग्रोंना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली. ते युद्ध कशावरून झालं, हे हजारो मैल दूर पुण्यात बसलेल्या माणसाला स्वच्छ दिसत होतं. ज्या जमिनीवर ते लढलं गेलं, तिथे सरकारी आवाजात ते ठामपणे म्हटलं जायला शतकाहून अधिक काळ गेला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस रणभूमींच्या अधीक्षकांनी हा विषय हाती घेतला आणि मग अमेरिकी काँग्रेसनेच सांगितलं, की यादवी युद्धाच्या स्थळांवर गुलामगिरीची भूमिका मांडली जावी. त्यावर नाराज झालेलेही पुष्कळ होते. आमच्या पूर्वजांच्या शौर्याबद्दल बोला, राजकारण नको, असं म्हणणारे.

या वादाला रोज तोंड देतो तो टोपीवाला हंगामी माणूस. “युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं ना?” हा प्रश्न त्याला कधीतरी येणारच. मुरलेला रेंजर स्वतःचं मत पुढे करत नाही, कागद पुढे करतो. मिसिसिपी राज्याने १८६१ साली बाहेर पडताना दिलेल्या जाहीरनाम्यात गुलामगिरीशी आपलं हित बांधलेलं असल्याचं स्वतःच सांगितलं आहे. आणि कागदाने काम भागलं नाही, तर पुन्हा जमीन आहेच. पिकेटची चढाई जिथे थडकली त्या टेकडीवर, त्याच फळीत, एक लहानसं पांढरं घर आहे. ते एब्राहम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचं. लढाईआधीच तो कुटुंब घेऊन निघून गेला होता, कारण लीची फौज पेनसिल्व्हेनियात शिरल्यावर स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही पकडून दक्षिणेला गुलाम म्हणून नेत होती. हे ऐकल्यावर त्या घराच्या अंगणातून समोरचं शेत पाहणाऱ्याला चढाई फक्त शौर्याची राहत नाही.

असं बोलता येण्यासाठी केलेलं वाचन १०३९ तासांत बसत नाही. ते हिवाळ्यात, स्वतःच्या वेळात होतं. हंगाम संपला की नोकरी संपते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. २०१४ च्या अखेरीस नियम बदलेपर्यंत अशा माणसाला सरकारी आरोग्यविम्यात सहसा जागाही नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने नोकरभरती गोठवली, तेव्हा हंगामी लोकांना दिलेली नेमणूकपत्रं मागे घेतली गेली. ओरड झाल्यावर फेब्रुवारीत ७,७०० पर्यंत हंगामी माणसं घ्यायला परवानगी मिळाली. त्याच वर्षी मार्चमध्ये इतिहासाच्या मांडणीबाबत राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, आणि जूनपासून उद्यानांत पाट्या लागल्या: भूतकाळातल्या वा हयात अमेरिकनांबद्दल नकारात्मक मजकूर दिसला, तर हा क्यूआर कोड वापरून कळवा.

कायम नोकरीतल्या माणसाला काढायचं तर निदान कारण दाखवावं लागतं. हंगामी माणसाला पुढच्या वर्षी बोलावलं नाही, की काम झालं. म्हणून एखादा देश आपल्या इतिहासाशी किती प्रामाणिक आहे, हे त्याची स्मारकं आणि पाठ्यपुस्तकं पाहून पुरतं कळत नाही. सप्टेंबरात ज्याची नोकरी संपणार आहे, तो जुलैमधल्या गर्दीसमोर “हे युद्ध गुलामगिरीवरून झालं” असं न कचरता म्हणू शकतो का, आणि तसं म्हणूनही पुढच्या उन्हाळ्यात त्याला परत बोलावलं जातं का, हेही पाहावं लागतं.