कासवाला पंख फुटले!

युद्धातलं विमान म्हटलं की सुसाट वेग आलाच. कॅटलिनाला तो कधी जमला नाही. रोजची चाल ताशी जेमतेम 200 किलोमीटर. शत्रूचं लढाऊ विमान मागे लागलं की ढगात दडी मारायची, बस्स! पण पाण्यावर उतरणारी ही अमेरिकी उडती बोट एकदा हवेत गेली की दिवस मावळला तरी खाली यायचं नाव घेत नसे. समुद्रावर पहारा द्यायला आणखी काय हवं?

26 मे 1941. जर्मनांची बलाढ्य युद्धनौका बिस्मार्क ब्रिटिशांना गुंगारा देऊन पसार झालेली. अटलांटिकमध्ये तिला हुडकलं ते ब्रिटिशांच्या कॅटलिनाने. सहवैमानिक लिओनार्ड स्मिथ, अमेरिकी नौदलाचा अधिकारी. आणि अमेरिका तर तेव्हा युद्धात उतरलीच नव्हती! साहेब फक्त 'शिकवायला' आले होते म्हणे. दुसऱ्याच दिवशी बिस्मार्क तळाला गेली.

पुढच्या एप्रिलमध्ये सिलोनच्या कोग्गला सरोवरावरून निघालेल्या कॅटलिनाचा कॅनेडियन वैमानिक बर्चल याला जपानी आरमार दिसलं. (हाही लिओनार्डच!) संदेश पाठवता पाठवताच त्याचं विमान पाडलं गेलं, तो कैद झाला, पण कोलंबो सावध झालं.

सगळ्यात थरारक किस्सा कॅटलिनाचा वैमानिक एड्रियन मार्क्सचा. 2 ऑगस्ट 1945. इंडियानापोलिस ही अमेरिकी युद्धनौका बुडून चौथा दिवस, माणसं पॅसिफिकमध्ये तरंगताहेत, भोवती शार्क. भर समुद्रात उतरायचं नाही, असा सक्त नियम. मार्क्सने सहकाऱ्यांचा कौल घेतला आणि दोन पुरुष उंचीच्या लाटांवर विमान टेकवलं. आत जागा संपली तेव्हा लोकांना पंखांवर चढवून पॅराशूटच्या दोऱ्यांनी बांधलं. एका विमानावर 56 जण! त्या ओझ्याने उड्डाण कसलं होतंय. रात्रभर ते विमान नाव होऊन राहिलं.

आणि प्रवासी सेवा? तीही होती! सिंगापूर जपान्यांच्या हाती गेल्यावर 1943 पासून क्वांटासची कॅटलिना पर्थहून थेट कोग्गलाला जायची. प्रवासी तीन, शस्त्र एकही नाही, रेडिओ जवळपास मुका, वाट ताऱ्यांवरून काढायची. सगळ्यात रेंगाळलेली फेरी 32 तास 9 मिनिटांची. वाटेत सूर्य दोनदा उगवायचा, म्हणून प्रवाशाला चक्क 'दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा'चं प्रमाणपत्र मिळे. एवढं अंग आखडून घेतल्यावर तेवढा मान तर हवाच!