वाहनांच्या डेंटिंग-पेंटिंग व्यवसायातील आरोग्य व सुरक्षितता : आयसोसायनेटयुक्त रंगांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रात मोटारी तयार करणारे कारखाने पुणे परिसर, नाशिक अशा मोजक्या ठिकाणी एकवटलेले आहेत. मोटारी दुरुस्त करणारी गॅरेजेस मात्र प्रत्येक तालुक्याच्या गावी आणि महामार्गांच्या कडेने आढळतात. अपघातात चेपलेला पत्रा पूर्ववत करणे व त्यावर मूळ रंगाशी जुळणारा रंग देणे या कामास व्यवहारात 'डेंटिंग-पेंटिंग' असे म्हटले जाते. पत्रा ठोकणारा डेंटर, रंगाची गन चालविणारा पेंटर आणि या दोघांच्या हाताखाली काम शिकणारे एक-दोन हेल्पर, अशी अशा गॅरेजची सर्वसाधारण रचना असते. औद्योगिक आरोग्याचा विचार करताना अभ्यासकांची नजर सहसा मोठ्या कारखान्याकडे वळते. पत्र्याच्या शेडमध्ये चालणारे हे काम त्या नजरेतून निसटते. वस्तुतः काही बाबतींत शेडमधील धोका कारखान्यापेक्षा अधिक आहे. तो का अधिक आहे आणि कायद्याच्या कक्षेत तो पुरेसा का येत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कामाचे टप्पे व त्यांतील धोके

पत्रा ठोकण्याच्या कामात सर्वांत प्रथम जाणवतो तो आवाज. हातोडा, ग्राइंडर व हवेवर चालणारी अवजारे यांचा आवाज बंदिस्त शेडमध्ये भिंतींवरून परत येतो आणि जवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या कानावर आदळतो. भारतीय कारखाना नियमांत आठ तासांच्या कामासाठी ९० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. परंतु बहिरेपण वर्षानुवर्षांच्या कामातून हळूहळू येत असल्यामुळे त्याची तक्रार क्वचितच होते. त्यानंतर वेल्डिंगचे काम येते. हल्लीच्या गाड्यांचा पत्रा गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला असतो. तो तापला की जस्ताच्या ऑक्साइडचा धूर निघतो व त्यामुळे संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. हा ताप एक-दोन दिवसांत उतरतो, त्यामुळे तो 'साधा ताप' म्हणून सोडून दिला जातो. पेट्रोलची टाकी न काढता तिच्याजवळ वेल्डिंग करणे, गॅसचा सिलिंडर साखळीने न बांधता उभा ठेवणे, थिनरने भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यात साठू देणे या सवयी आगीला आमंत्रण देणाऱ्या आहेत.

खड्डे भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर पुट्टीस कारागीर 'लांबी' म्हणतात. तिच्यातून स्टायरीनची वाफ निघते; ती घासताना बारीक धूळ उडते. या ठिकाणी आपल्याकडील एक जुनी पद्धत उपयुक्त ठरते. पाणी लावून 'पाणीपेपर'ने घासल्यास धूळ हवेत न उडता गाळाच्या रूपात खाली वाहते. यंत्राने कोरडे घासणे वेगवान असले तरी धूळ ओढून घेणारी जोडणी नसेल तर ती प्रगती म्हणता येणार नाही. जुना रंग खरवडताना तर विशेष काळजी हवी, कारण पिवळ्या व नारिंगी रंगांत पूर्वी लेड क्रोमेटचा वापर मोठ्या प्रमाणावर होत असे. भारतात रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली करण्यात आले. परंतु ते घरगुती व सजावटीच्या रंगांपुरतेच आहेत.

दुरुस्तीच्या रंगातच आयसोसायनेट का?

कारखान्यात नव्या गाडीचे सांगाडे रंगविले जातात तेव्हा त्यांत गादी, वायरी, प्लॅस्टिकचे भाग बसविलेले नसतात. त्यामुळे रंग सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजून कडक करता येतो. शिवाय हे काम बंद कक्षात बहुतांशी यंत्रमानव करतात. दुरुस्तीला आलेली गाडी पूर्ण बांधलेली असते. तिला एवढी उष्णता देता येत नाही. म्हणून ६० अंशांवर किंवा साध्या तापमानातही कडक होणारा रंग लागतो. त्यासाठी रंगात 'हार्डनर' मिसळतात आणि त्यात हेक्सामेथिलीन डायआयसोसायनेटपासून बनविलेली संयुगे असतात. यालाच बाजारात 'टू-के' किंवा 'पीयू' रंग म्हणतात. थोडक्यात, ज्या रसायनाची कारखान्यात फारशी गरज भासत नाही, ते शेडमध्ये अपरिहार्य ठरते. आणि जिथे यंत्रमानव आहे तिथे नव्हे, तर जिथे हातात गन घेतलेला माणूस आहे तिथे ते हवेत फवारले जाते.

आयसोसायनेट हा शब्द भारतीय वाचकास डिसेंबर १९८४ मधील भोपाळ दुर्घटनेमुळे ठाऊक आहे. तेथील मिथाइल आयसोसायनेट अत्यंत वेगाने उडून जाणारे होते. हार्डनरमधील संयुगे तशी उडून जात नाहीत. डब्याचे झाकण उघडे राहिल्याने हाहाकार माजत नाही. धोका निर्माण होतो तो गनमधून त्यांचे सूक्ष्म तुषार होतात तेव्हा. हे तुषार श्वासावाटे फुप्फुसात जातात. त्वचेमार्गेही शरीर या रसायनास संवेदनशील होऊ शकते, असे मानले जाते. थिनरने हात धुण्याच्या सार्वत्रिक सवयीमुळे त्वचेवरील तेलकट संरक्षण नाहीसे होते आणि ही वाट अधिकच मोकळी होते.

या संसर्गातून व्यावसायिक दमा जडतो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने वाहन-रंगकाम करणाऱ्यांत दम्याचा धोका तेथील सर्वसाधारण कामगारांच्या सुमारे ८० पट असल्याचे नमूद केले आहे. या आजाराचे स्वरूप फसवे आहे. काही महिने, कधी काही वर्षे, काहीच त्रास होत नाही. नंतर नाक वाहणे, छाती आवळल्यासारखी वाटणे, खोकला अशी लक्षणे सुरू होतात. आणि ती बहुधा गन हातात असताना न येता संध्याकाळी किंवा रात्री घरी आल्यावर येतात. त्यामुळे दोष हवामानाला, विडीला किंवा घरातील धुळीला दिला जातो. एकदा शरीर संवेदनशील झाले की अत्यल्प मात्राही पुरेशी ठरते. अशा पेंटरला केवळ मास्क बदलून भागत नाही. बहुतेक वेळा फवारणीचे काम सोडावे लागते. वीस वर्षांत कमावलेली रंग जुळविण्याची नजर त्या दिवशी उपजीविकेच्या कामी येत नाही, हे या आजाराचे खरे मोल आहे.

निदानासाठी महागड्या तपासण्यांपूर्वी डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले तरी दिशा मिळते : काम कोणते करता, आणि सुट्टीच्या दिवसांत किंवा गावी गेल्यावर बरे वाटते का? फुंकर मारून श्वासाचा जोर मोजणाऱ्या साध्या 'पीक फ्लो मीटर'च्या दोन-चार आठवड्यांच्या नोंदी, कामाचे व सुट्टीचे दिवस वेगळे करून पाहिल्या, तर पुष्कळ उलगडा होतो.

प्रतिबंधाचे मर्म

तोंडाला रुमाल बांधणे अथवा कागदी मास्क लावणे हा फवारणीतील तुषारांवर उपाय नव्हे. कोळशाच्या गाळणीचा मास्क त्याहून बरा, परंतु त्याची गाळणी निकामी झाली हे वासावरून कळत नाही, कारण आयसोसायनेट धोक्याच्या पातळीलाही नाकाला जाणवत नाही. पेंटरला वास येतो तो थिनरचा. म्हणून टू-के रंगासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मास्कच ग्राह्य मानला जातो. ही हवा कॉम्प्रेसरमधून घ्यावयाची असेल तर योग्य गाळण्या हव्यात, तसेच कॉम्प्रेसरची हवा ओढण्याची जागा गाड्यांच्या धुरापासून दूर हवी.

मास्क असूनही एक चूक सर्रास होते. गन थांबताच रंग कसा बसला हे पाहण्यासाठी पेंटर मास्क वर करतो. साध्या प्रकाशात न दिसणारे तुषार तेव्हा हवेत तरंगतच असतात. बूथ किंवा खोली धुराने भरून, पंखा चालू करून, धूर नाहीसा होण्यास किती मिनिटे लागतात ते एकदा मोजावे व तो आकडा दारावर लिहावा, तेवढा वेळ मास्क काढू नये, अशी पद्धत ब्रिटनमध्ये रूढ आहे. तिला खर्च जवळजवळ नाही. आपल्याकडे धूळ बसू नये म्हणून शेडला प्लॅस्टिकचा कागद लावतात आणि पावसाळ्यात शटरही अर्धे ओढून घेतात. रंगाच्या दृष्टीने हे योग्य. परंतु बाहेर हवा फेकणारा पंखा नसल्यास तुषार आतच कोंडतात, आणि शेजारी दिवा किंवा पाइप धरून उभा असलेला हेल्पर ते पेंटरइतकेच घेतो. मास्क मात्र, असलाच तर, एकच असतो.

युरोपीय संघाने २४ ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्याहून अधिक मुक्त डायआयसोसायनेट असलेला माल वापरणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. रंग कंपन्यांचे तंत्रज्ञ आपल्या गॅरेजमध्येही शेड जुळविण्याचे धडे देण्यासाठी येतात. त्याच भेटीत अर्धा तास या विषयाला देणे त्यांना कठीण नाही.

कायद्याची चौकट

कारखाने अधिनियम, १९४८ मधील 'उत्पादन प्रक्रिया' या संज्ञेत दुरुस्तीचाही समावेश होता. तथापि कारखाना ठरण्यासाठी विजेचा वापर असल्यास १० व नसल्यास २० कामगार ही अट होती. भोपाळनंतर १९८७ साली या अधिनियमात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या, आणि अधिसूचित रोगांच्या यादीत 'आयसोसायनेट विषबाधा' ही नोंद आहे. म्हणजे रोग कायद्याला ठाऊक होता. फक्त तो चार माणसांच्या शेडमध्ये झाल्यास कळविण्याची व्यवस्था नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० मध्ये कारखान्याची मर्यादा २० व ४० अशी वाढविण्यात आली आहे. आस्थापनेच्या मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये १० कामगारांपासून सुरू होतात. माणसे मोजून धोका ठरविण्याची ही रीत फवारणीसारख्या कामास लागू पडत नाही. उलट शेड जितकी लहान, तितकी पंखा, बूथ व मास्कची शक्यता कमी.

हेल्परांच्या वयाचा प्रश्नही येथे येतो. मोटार वर्कशॉप व गॅरेज यांचा समावेश १९८६ च्या बालकामगार कायद्याखालील निषिद्ध व्यवसायांत करण्यात आला होता, आणि २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना, कौटुंबिक मदत व कलाक्षेत्रातील मर्यादित अपवाद वगळता, सर्वच व्यवसायांत मनाई केली. 'काम शिकायला ठेवला आहे' हे उत्तर त्यामुळे कायद्यात बसत नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये मात्र एक वाट आहे. राज्य विमा योजना सर्वसाधारणपणे १० कर्मचाऱ्यांपासून लागू होते. परंतु केंद्र सरकारने धोकादायक वा जीवघेणा म्हणून अधिसूचित केलेल्या व्यवसायात एकच कर्मचारी असला तरी ती लागू होईल, अशी तरतूद पहिल्या अनुसूचीत आहे. आयसोसायनेटयुक्त रंगाच्या फवारणीचा अशा अधिसूचनेत समावेश झाल्यास चार माणसांच्या शेडमधील पगारी पेंटर व हेल्पर यांनाही वैद्यकीय उपचार आणि व्यावसायिक रोगाबद्दलचा अपंगत्व लाभ मागता येईल. वाहन कामगारांच्या संघटना व गॅरेजमालकांचे संघ यांनी एकत्रितपणे करावयाची पहिली मागणी ही आहे.