सायकलची छोटी सहल

मुलांनो, सहल म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? एस.टी.ची गाडी, लांबचा किल्ला, समुद्रकिनारा आणि डब्यातला खाऊ! पण सहलीसाठी लांबच जावे लागते असे नाही. घरापासून सात-आठ किलोमीटरांवरही छान सहल होते. दुचाकीवरून झालेली एक फार प्रसिद्ध सफर तर अशीच घराजवळची होती. ती झाली जर्मनीत.

जर्मनी हा युरोप खंडातील देश आहे. तेथील मानहाइम शहरात कार्ल द्राइस नावाचे गृहस्थ राहत. ते वनखात्यात अधिकारी होते. पण त्यांना नवीन यंत्रे तयार करण्याचा भारी छंद! त्यांनी एक लाकडी गाडी बनवली. एकामागे एक अशी दोन चाके, मध्ये बसायला जागा आणि पुढचे चाक वळवण्यासाठी दांडा. गाडीचे वजन होते सुमारे २२ किलो. तिला पायडल नव्हते, साखळीही नव्हती. गाडीवर बसायचे आणि पायांनी जमीन मागे रेटत पुढे जायचे!

१२ जून १८१७ रोजी द्राइस या गाडीवर बसून घरातून निघाले. श्वेट्झिंगेन गावाच्या रस्त्यावर टपालगाडीचे घोडे बदलण्याचे एक ठाणे होते. ते सुमारे ७ किलोमीटर दूर होते. द्राइस तेथपर्यंत गेले आणि तासाभराच्या आत परतही आले. चालत जाऊन यायला जवळजवळ तीन तास लागले असते.

द्राइस यांना अशी गाडी का सुचली असावी? १८१५ साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला. त्याची सूक्ष्म धूळ आकाशात दूरवर पसरली. त्यामुळे १८१६ साली युरोपात उन्हाळा पडलाच नाही. पिके बुडाली. माणसांना धान्य मिळेना, तेथे घोड्यांना दाणा कोठून मिळणार? म्हणून घोड्यावाचून चालणारी गाडी द्राइस यांनी शोधली असावी, असे काही अभ्यासकांना वाटते.

तेव्हाचे रस्ते खाचखळग्यांचे होते. म्हणून गाडीवाले पदपथावर येत आणि पायी चालणाऱ्यांची तारांबळ उडे. काही शहरांनी पदपथावर ही गाडी चालवायला बंदी केली. लोक द्राइस यांना हसले. १८५१ साली त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते अगदी गरीब होते. पुढे फ्रान्समध्ये दुचाकीला पायडल बसले. इंग्लंडमध्ये मागच्या चाकाला साखळी जोडली गेली. १८८८ साली हवा भरलेले टायर आले. आपण आज चालवतो ती सायकल अशी घडत गेली.

त्याच जर्मनीत आज सायकल घरोघरी दिसते. म्युन्स्टर नावाचे सुमारे ३ लाख वस्तीचे शहर तर सायकलींसाठीच प्रसिद्ध आहे. या शहराभोवती पूर्वी तट होता. तो पाडून तेथे गोलाकार रस्ता केला. त्याच्या दोन्ही बाजूंना उंच झाडे आहेत. साडेचार किलोमीटरांच्या या रस्त्यावर मोटारींना जाता येत नाही. तेथे सायकली चालतात आणि माणसे फिरतात.

शहराबाहेर शेते आहेत. शेतांमधून अरुंद वाटा जातात. आपल्याकडे शेतांतून जाणाऱ्या वाटेला पाणंद म्हणतात ना, तशाच या वाटा. तेथील बोलीत त्यांना ‘पेट्केस’ म्हणतात. सुटीच्या दिवशी आईवडील आणि मुले सायकली घेऊन या वाटांनी निघतात. फाट्याफाट्यावर पांढऱ्या पाट्या असतात. कोणते गाव किती किलोमीटर आहे, हे त्यांवर लाल अक्षरांत लिहिलेले असते. वाटेत ह्युल्सहोफसारखा जुना वाडा लागतो. त्याच्या चारही बाजूंना पाणी आहे. वाडा बघायचा, डबा खायचा आणि संध्याकाळच्या आत घरी यायचे!

मात्र जर्मनीतील मुले उगाच सायकल घेऊन रस्त्यावर येत नाहीत. आठ वर्षांखालील मुलांनी मोटारींच्या रस्त्यावर सायकल चालवायची नसते. त्यांनी पदपथावरून जायचे आणि रस्ता ओलांडताना खाली उतरायचे, असा नियम आहे. पुढे साधारण चौथीत शाळेत सायकलचे शिक्षण मिळते. शिकवायला चक्क पोलीस येतात! शेवटी लेखी परीक्षा होते आणि सायकल चालवूनही दाखवावी लागते.

या परीक्षेत सर्वांत अवघड काय असते, ठाऊक आहे? डावीकडे वळणे! जर्मनीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणून डावीकडे वळताना समोरून येणारी वाहने आडवी येतात. मुले आधी मान वळवून मागे पाहतात, मग हात बाहेर काढून इशारा करतात. समोरची वाहने जाऊ देतात आणि मगच वळतात. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणून आपण उजवीकडे वळताना अशी काळजी घ्यायची. गर्दी असेल तर खाली उतरून सायकल हातात धरावी आणि चालत रस्ता ओलांडावा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

आपले पुणे शहरही एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तुमच्या गावाजवळही एखादा तलाव, जुने देऊळ, नदीचा घाट किंवा आमराई असेलच. एखाद्या रविवारी सकाळी मोठ्या माणसांबरोबर सायकलने तेथे जा. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहा, घंटी वाजवून पाहा, चाकांत हवा आहे ना ते पाहा. पाण्याची बाटली आणि टोपी विसरू नका. हेल्मेट असेल तर ते घाला. एकामागे एक चला. सर्वांत लहान मुलाच्या वेगाने सर्वांनी चालायचे, म्हणजे कोणी मागे राहत नाही.

सायकलवरून जाताना विहिरीवरचा पंप ऐकू येतो, झाडावरची सुगरणीची घरटी दिसतात आणि वाटेतली माणसे “कुठे निघालात रे?” म्हणून विचारतात. रोजचीच वाट त्या दिवशी नवी वाटते.

शब्दार्थ : तट – शहराभोवतीची भिंत, पदपथ – पायी चालण्याचा रस्ता, पाणंद – शेतांमधून जाणारी वाट.

प्रश्न
१. द्राइस यांच्या गाडीत आणि आजच्या सायकलीत कोणते फरक आहेत?
२. १८१६ साली युरोपातील पिके का बुडाली?
३. आपल्याकडे उजवीकडे वळताना जास्त काळजी का घ्यावी लागते?

उपक्रम : तुमच्या घरापासून पाच किलोमीटरांच्या आतील एका ठिकाणाच्या वाटेचा नकाशा काढा. त्यात वळणे, पूल आणि धोक्याच्या जागा दाखवा.