स्वस्त मोबाईल की मध्यम किमतीचा? खरेदीआधी करायचा हिशोब



पालकसभेत अभ्यासाचं बोलून झालं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "बाई, मुलासाठी मोबाईल घ्यायचाय. दहा हजारवाला चालेल का, की वीसवाला घेऊ?" आमच्या मुलुंड-भांडुप पट्ट्यातल्या कितीतरी घरांत वीस हजार म्हणजे एका माणसाची महिन्याची कमाई असते. निवड चुकली तर हप्ते चालू आणि फोन बंद अशी वेळ येते. म्हणून हा विषय आज जरा सविस्तर, धड्यासारखा मांडते.

१. आधी ठरवा, फोन नक्की कोणाचा?

"मुलासाठी" असं आपण म्हणतो खरं, पण पहिली ते पाचवीच्या मुलाला स्वतःचा फोन लागतच नाही. त्याला काय लागतं ते बघा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवरचा व्हिडिओ उघडतो. शाळेच्या ग्रुपवर गृहपाठ येतो आणि कधी वहीचा फोटो पाठवावा लागतो. झालं. ही कामं दिवसाला अर्ध्या-पाऊण तासाची आहेत आणि आजचा कोणताही बरा स्वस्त फोन ती करतो.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन अजिबात नको, दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वयात दोन तासांपेक्षा कमी. यात टीव्हीसुद्धा आला. म्हणजे मुलाच्या अभ्यासाकरिता महागडा फोन घेण्याचं कारण उरत नाही. मुलगा "वेगवान फोन हवा" म्हणत असेल, तर तो वेग बहुतेक वेळा गेमसाठी असतो हे आपल्यालाही माहीत आहे.

खरा प्रश्न वेगळा आहे. बऱ्याच घरांत "मुलाचा" फोन हाच घराचा एकमेव फोन असतो. दिवसा त्यावर बाबांचा धंदा चालतो, आईचे गुगल पे चालते आणि रात्री मुलाचा अभ्यास. तेव्हा त्या फोनवर पडणारा सगळा भार मोजायला हवा.

२. पवईत शिकायला मिळालेला धडा

आपल्याच उपनगरातलं एक उदाहरण आठवा. विद्यार्थ्यांना स्वस्तात टॅबलेट मिळावा म्हणून केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये 'आकाश' आणला. त्यात २५६ एमबी रॅम होती, प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा होता आणि स्क्रीन जोरात दाबल्याशिवाय दाद न देणारा, म्हणजे रेझिस्टिव्ह प्रकारचा. संथपणा आणि बॅटरी लवकर उतरणं या तक्रारी लगेच सुरू झाल्या. पुढे या प्रकल्पाचं काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे आलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या 'आकाश २' मध्ये १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि आजच्या फोनसारखा हलक्या स्पर्शाने चालणारा स्क्रीन होता.

आता गंमत बघा. सरकारची खरेदी किंमत दोन्ही वेळा जवळपास तीच, सव्वादोन हजारांच्या आसपास! वर्षभराने त्याच पैशांत दुप्पट रॅम आणि कितीतरी वेगवान प्रोसेसर मिळाला. म्हणजे "दहा हजारवाला", "वीस हजारवाला" ही नुसती लेबलं झाली. आत काय बसवलंय हे वाचता आलं पाहिजे.

३. आत काय बघायचं?

रॅम आणि स्टोरेज. वर्गातलं उदाहरण देते. रॅम म्हणजे मुलाचं बाक आणि स्टोरेज म्हणजे कपाट. बाक लहान असेल तर एक वही काढण्यासाठी दुसरी आत ठेवावी लागते. ४ जीबी रॅमच्या फोनवर व्हॉट्सॲपमधून दीक्षावर जाऊन परत आलं की सगळं पहिल्यापासून उघडतं, ते यामुळेच. ६ जीबी बरी, ८ जीबी उत्तम. स्टोरेज मात्र १२८ जीबीच्या खाली घेऊ नका, कारण शाळेचे, नातेवाइकांचे आणि सोसायटीचे ग्रुपच कपाट भरून टाकतात.

खोक्यावर "१६ जीबी रॅम" लिहिलेलं दिसलं तर बारीक अक्षरं वाचा. तिथे "८ + ८" असतं. त्यातली आठच खरी रॅम. बाकीची आठ जीबी म्हणजे कपाटातला एक कप्पा बाक म्हणून वापरणं! ते खऱ्या रॅमइतकं वेगवान नसतं.

कपाटाचं दार. ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. स्वस्त फोनमध्ये बहुतेक 'ईएमएमसी' प्रकारचं स्टोरेज असतं, तर मध्यम किमतीच्या फोनमध्ये 'यूएफएस'. ईएमएमसीचं दार अरुंद असतं आणि त्यातून एका वेळी एकच, आत किंवा बाहेर जाऊ शकतो. यूएफएसला ये-जा एकाच वेळी होते आणि वेग कित्येक पट असतो. नवीन असताना फरक फारसा जाणवत नाही. दीड-दोन वर्षांनी कपाट भरलं की ईएमएमसीचा फोन रडायला लागतो. कंपनीच्या वेबसाइटवर फोनच्या माहितीत हा शब्द शोधा.

अपडेट किती वर्षं? फोनवर बँक आणि यूपीआय असेल तर सुरक्षा अपडेट फार महत्त्वाचे आहेत. अनेक स्वस्त फोनना अँड्रॉइडची एखाद-दोन नवी आवृत्तीच मिळते. पण इथेही नुसत्या किमतीवर जाऊ नका. सॅमसंगने २०२४ मध्ये वीस हजारांच्या आतल्या गॅलेक्सी ए१६ ५जी साठी सहा वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं, आणि त्याहून महाग असलेल्या काही फोनना यापेक्षा कमी वर्षं मिळतात. ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुम्ही घेतल्यापासून नाही. म्हणून दोन वर्षं जुनं मॉडेल "सेल"मध्ये घेताना विचार करा.

स्क्रीन. स्वस्त फोनचा स्क्रीन साधारण ७२० × १६०० ठिपक्यांचा असतो, मध्यम फोनचा १०८० × २४००. गुणाकार करा. पहिल्यात ११,५२,००० ठिपके आणि दुसऱ्यात २५,९२,०००, म्हणजे सव्वादोन पट. बारीक अक्षरांची पीडीएफ वाचताना हा फरक डोळ्यांना कळतो. मात्र मध्यम फोनमधला ॲमोलेड स्क्रीन फुटला तर बदलायचा खर्च साध्या एलसीडीपेक्षा बराच जास्त येतो.

कॅमेरा. "५० मेगापिक्सेल" हे आता दोन्ही गटांत लिहिलेलं असतं. असे बरेच कॅमेरे चार ठिपक्यांचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. वहीचा फोटो उजेडात काढायचा तर स्वस्त फोनही पुरतो. शेजारी मोजायला ठेवलेल्या २ मेगापिक्सेलच्या जास्तीच्या कॅमेऱ्यासाठी एक रुपयाही वाढवू नका.

५जी आणि पाऊस. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात ५जी सुरू झालं, तेव्हा जिओने 'स्टँडअलोन' पद्धत घेतली आणि एअरटेलने 'नॉन-स्टँडअलोन'ने सुरुवात केली. काही अगदी स्वस्त ५जी फोन फक्त पहिली पद्धत ओळखतात. म्हणून आपल्या सिमवर त्या फोनमध्ये ५जी चालेल का, हे आधी विचारा. आणि आपण मुंबईकर! जुलैत लोकलच्या दारात उभं राहणाऱ्याने आयपी क्रमांक बघावा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. आयपी ५४ म्हणजे फक्त शिंतोडे. दोन्हीतही पाण्याने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही, तेव्हा प्लास्टिकची पिशवी सोडू नका.

४. महिन्याचा भाव काढा

आता मुख्य हिशोब. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुम्ही आपले घाला.

स्वस्त फोन : १०,००० रुपये, अडीच वर्षं टिकला. १०,००० ÷ ३० महिने = महिना सुमारे ३३३ रुपये.

मध्यम फोन : २०,००० रुपये, पाच वर्षं टिकला. २०,००० ÷ ६० महिने = महिना सुमारे ३३३ रुपये.

बघा, दोन्ही सारखेच! दुप्पट किमतीचा फोन दुप्पट टिकला तर तो महाग नाही. पाच वर्षांत एकदा बॅटरी बदलावी लागेल, तिचे दोन हजार धरले तर ३६७ होतात. तरी फरक फार नाही.

पण दोन्ही फोन दोन वर्षांत पडून फुटले तर? स्वस्ताचा भाव महिना ४१७ होतो आणि मध्यमचा ८३३. लहान मुलाच्या हातात जास्त वेळ राहणाऱ्या फोनला हाच धोका असतो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे : ज्या फोनवर घर चालतं तो टिकाऊ घ्या आणि जो मुलाच्या हातात पडणार तो स्वस्त घ्या. एकच फोन दोन्ही कामं करणार असेल तर मध्यम किमतीचा घ्या, पण चांगलं कव्हर आणि काच लावून, आणि मुलाने तो मोठ्यांसमोर बसूनच वापरायचा या अटीवर.

५. तीन घरं, तीन उत्तरं

अंधेरीत रिक्षा चालवणारे पालक. फोन दिवसभर हँडलजवळ, उन्हात, नकाशा आणि भाड्याचं ॲप चालू, दिवसाला दोनदा चार्जिंग. संध्याकाळी तोच फोन मुलीच्या अभ्यासाला. इथे मध्यम किमतीचा फोन घ्यावा. तो हौस नाही, ते कामाचं हत्यार आहे. उन्हात दिसणारा स्क्रीन आणि टिकणारी बॅटरी यांचा पैसा धंद्यातून वसूल होतो.

बोरिवलीतलं घर, आईबाबांकडे आपापले फोन आहेत आणि तिसरीतल्या मुलासाठी तिसरा घ्यायचा विचार आहे. इथे बहुधा काहीच घेऊ नये. कपाटात पडलेला जुना फोन पुसून, रीसेट करून, सिम न घालता वायफायवर द्या आणि गुगलचं फॅमिली लिंक लावा. त्या पैशांत वर्षभराची गोष्टींची पुस्तकं येतील.

तिसरं घर आपलं, शिक्षकांचं. उपक्रमांचे फोटो, ऑनलाइन माहिती भरणं, पालकांचे ग्रुप, प्रशिक्षणाचे व्हिडिओ. आपल्याला १२८ जीबी, यूएफएस आणि ६ जीबीच्या वर रॅम लागतेच. ती पंधरा-सोळा हजारांत मिळाली तर वीस घालवायची गरज नाही.

६. दुकानात गेल्यावर

इर्ला असो, बोरिवली स्टेशनबाहेरची गल्ली असो की घाटकोपर पश्चिम, या गोष्टी विसरू नका.

* "शून्य टक्के" हप्ता. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज कुठेतरी लपवलेलं असतं. समजा २०,००० चा फोन रोखीने १८,५०० ला मिळतो, पण हप्त्यावर सूट नाही आणि वर १९९ रुपये प्रक्रिया शुल्क व त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एकूण सुमारे २०,२३५. फरक १,७३५ रुपयांचा, तेच व्याज!
* पक्कं बिल. मोबाईलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे आणि तो छापील किमतीत धरलेला असतो. "बिलाशिवाय स्वस्तात देतो" म्हटलं तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल.
* जुना फोन घेताना. *#०६# डायल करून आयएमईआय क्रमांक बघा. इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, मग जागा सोडून तो क्रमांक लिहा आणि १४४२२ वर एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळेल.
* तिथल्या तिथे विचारा. स्क्रीन बदलायला किती, बॅटरी बदलायला किती आणि अधिकृत सेवा केंद्र जवळ कुठे.

७. वर्गात घेता येईल असा उपक्रम

चौथी-पाचवीला भागाकार शिकवताना हा हिशोब जरूर घ्या. मुलांना घरातल्या एखाद्या वस्तूची किंमत आणि ती किती महिने टिकली हे विचारून आणायला सांगा : छत्री, दप्तर, चप्पल, पंखा. मग फळ्यावर प्रत्येकीचा महिन्याचा भाव काढा. फोनची सक्ती करू नका, सगळ्यांकडे सारखे फोन नसतात आणि वर्गात त्याची तुलना नको. छत्रीच्या हिशोबातून मुलांना किंमत आणि मोल यातला फरक कळतो. पुढच्या वेळी दुकानात हट्ट करण्याआधी तीच विचारतील, "आई, हे किती महिने टिकेल?"