लंडनमधला पहिला नाताळ

गोव्याहून किंवा वसईहून शिकायला लंडनला गेला असाल, तर २४ डिसेंबरलाच दूध, ब्रेड, अंडी आणून ठेवा. हसू नका! आपल्याकडे नाताळ म्हणजे गजबज. तिथे २५ तारखेला भुयारी रेल्वे बंद, बस बंद, मोठ्या दुकानांना तर कायद्यानेच कुलूप. दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि खिडक्या-खिडक्यांतून दुसऱ्यांची झाडं लुकलुकत असतात. घरची आठवण खरी दाटते ती तेव्हा.

गावच्या चर्चमध्ये मध्यरात्रीची मिस्सा सुरू होते, तेव्हा लंडनला २४ तारखेच्या संध्याकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. त्याच्या तासभर आधी फोन करा. घरात नव्या कपड्यांची, इस्त्रीची गडबड चालू असते. ‘मी मजेत आहे’ एवढंच सांगून ठेवून देऊ नका. नेवऱ्यांच्या सारणात काय काय घालायचं, ते आईला विचारा. सांगता सांगता तिचाही आवाज सावरतो.

वर्गातल्या कुणी जेवायला बोलावलं तर संकोच न करता जा. फक्त चालत पोचता येईल ना, ते आधी बघा.

आणि नेवऱ्या कराच. कडा नीट दाबल्या नाहीत तर पहिल्या चार-पाच तेलात फुटतील, फुटू देत. तळताना धुराचा अलार्म वाजला आणि शेजारी दारात आले, तर त्यांच्याही हातावर एक ठेवा.